उमेदवाराची आई

रविवार, ७ डिसेंबर

काल चैत्यभूमीला जाऊन आलो. दरवर्षीसारखी रांगेत उभी राहिले. पाय दुखले, पण रांगेचा मला कधी कंटाळा नाही. एकतीस वर्षं पालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे बसून मी रांगाच पाहिल्या. माणसं सरळ रांगेत उभी असली की मला अजूनही बरं वाटतं.

या वर्षी महेंद्रबरोबर अपूर्व नावाचा एक दाढीवाला तरुण होता. तो रांगेच्या कडेने उलटा चालत महेंद्रचे फोटो काढत होता. "सर, थोडं खाली बघा. हां, असं. विचारात." आणि महेंद्र खाली बघायचा. माझा चाळिशीला टेकलेला मुलगा, भिवंडीच्या गोदामात दोनशे माणसांवरचा मॅनेजर, आणि बाबासाहेबांच्या दारात कोणीतरी सांगतो म्हणून विचारात पडतो. मला शिसारी आली. मी पुढच्या बाईच्या पाठीकडे बघत राहिले.

आज सकाळी चहाला बसल्यावर उलगडा झाला. जानेवारीत पालिकेची निवडणूक आहे, आमच्या प्रभागातल्या राखीव जागेवर पक्ष त्याला तिकीट देतोय. हा अपूर्व प्रचार सांभाळणार. सूनबाईला, म्हणजे प्रियांकाला, हे महिनाभर ठाऊक होतं. मला शेवटी सांगितलं.

"तू चिडशील म्हणून," महेंद्र म्हणाला.

मी चिडले नाही. म्हटलं, उभा राहा, पण खरं बोलून उभा राहा.

"तेच तर करायचंय आई."

बघू.

शुक्रवार, १२ डिसेंबर

महेंद्रने त्याचे 'कार्यक्षम पालिकेसाठी पाच संकल्प' वाचून दाखवले. तक्रार केली की काम किती दिवसांत होणार ते तिथेच सांगायचं. एका कामाला एकच खिडकी. कचऱ्याच्या गाड्यांना ठरलेली वेळ. रस्ता एकदा खणला की वर्षभर पुन्हा खणायचा नाही. ऐकायला शहाणपणाचं वाटलं. गोदाम चालतं तसं शहर चालवता येईल असं त्याला मनापासून वाटतं. मी म्हटलं, गोदामातल्या खोक्यांना तोंड नसतं रे. तो हसला.

पण पहिला संकल्प ऐकून मी चाट पडले. 'माणसाला परत पाठवायचं असेल, तर कुठे जायचं ते सांगून पाठवायचं.' पाणी नाही, रस्ता नाही, पहिलं वचन हे. मी म्हटलं, हा खाली ने, पाचवा कर.

"नाही. हाच पहिला," तो म्हणाला, आणि कागदाची घडी घालायला लागला.

घडीच्या बाहेर राहिलेली ओळ मी वाचलीच. 'कारकुनांची मग्रुरी संपवू.' हातात गाळणी होती, ती तशीच राहिली. विचारलं, कारकून म्हणजे कोण?

"अगं, तू नाही. जनरल आहे ते."

या जनरल कारकुनाच्या पगारावर याचं इंजिनीअरिंग झालं.  चहा त्याच्यासमोर जरा जोरात ठेवला गेला.

बुधवार, १७ डिसेंबर

अपूर्वचं ऑफिस घोडबंदर रोडला आहे. कल्याणहून निघालो ते माजिवड्याच्या पुढे गाडी जी अडकली ती अडकलीच. दोन्ही बाजूंना उंच इमारती आणि मध्ये आम्ही, कार्यक्षमतेवर बोलायला निघालेले.

काचेची खोली, थंडी अशी की मी पदर अंगभर घेतला. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर 'महेंद्र सर : पार्श्वभूमी' असं लिहून खाली जागा कोरी सोडलेली.

"काकू, तुमचा स्ट्रगल सांगा," अपूर्व म्हणाला.

मी सांगितलं. महेंद्रचे बाबा रेल्वेच्या कारखान्यात फिटर, मी पालिकेत. दोघांचे पगार. आधी चाळीत होतो, महेंद्र अकरा वर्षांचा असताना कर्ज काढून फ्लॅट घेतला. मुलाला चांगल्या शाळेत घातलं. दहा वर्षांपूर्वी हे गेले. मला पेन्शन आहे.

अपूर्वने पेनाचं टोपण लावलं. "यात स्ट्रगल कुठेय?"

म्हटलं, "तो आम्ही होऊ दिला नाही."

त्याला ते समजलं नाही. महेंद्रकडे वळून म्हणाला, "सर, पेन्शनर आई कनेक्ट नाही होत. लोकांना धुणीभांडी करणारी आई लागते." मग मला समजावायला लागला. एक दिवस जुन्या चाळीत जायचं, जुनं लुगडं नेसायचं, मोरीत भांडी घासत बसायचं. नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी पालिकेत खेपा घातल्या असं सांगायचं, म्हणजे पहिला संकल्प उठून दिसेल. मी म्हटलं, यांचा दाखला माझ्या खात्यातल्या माणसांनी दुसऱ्या दिवशी घरी आणून दिला होता. मी मागितलासुद्धा नव्हता.

"ते नको सांगू या," अपूर्व म्हणाला.

महेंद्र खाली बघत होता. या वेळी त्याला कोणी बघायला सांगितलं नव्हतं.

मी आयुष्यात चुरगळलेल्या साडीने दाराबाहेर पडले नाही. ऑफिसात पहिल्या दिवशी गेले ती खळ घातलेली पांढरी सुती साडी नेसून. बाकीच्या बायका कशाही आल्या तरी चालत होतं, मला चालत नव्हतं. आपल्याकडे लोकांनी कसं बघायचं, हे लोकांवर सोडण्याइतकी चैन आम्हाला नव्हती. तिथवर यायला आमच्या दोन पिढ्या गेल्या, आणि हा दाढीवाला मला पुन्हा मोरीत बसवायला निघालाय, तेही माझ्या मुलाच्या भल्यासाठी.

नाही म्हणून सांगितलं आणि उठले. 

मंगळवार, २३ डिसेंबर

आज मला कळलं की मी महेंद्रची आई नाही.

समोरच्या फ्लॅटमधली करिश्मा मोबाइल घेऊन आली. सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आलाय म्हणाली. चाळीतली मोरी, राखेने भांडी घासणारे हात, मागे बासरी. मग चेहरा वर येतो. माझी थोरली जाऊ, सुगंधाआक्का. त्यांच्या पायाशी महेंद्र बसलाय, डोळ्यांत पाणी. खाली अक्षरं येतात, 'जिने घडवलं ती माउली.' मग तो म्हणतो, "हिने खेपा घातल्या त्या पुन्हा कुणाच्या आईने घालू नयेत." पुढे पाच संकल्प, पक्षाची खूण, हात जोडलेला फोटो.

करिश्मा अवघडून उभी होती. "काकू, मग तुम्ही महेंद्रदादांच्या... सावत्र का?"

मी म्हटलं, हो. दार लावून घेतलं.

आक्का खरोखर भांडी घासत. आमचे थोरले भाऊजी सखाराम गेल्यावर त्यांनी बिल्डिंगांमधली कामं धरली आणि पुढे वीस वर्षं केली. कष्टाळू बाई आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण नऊ महिने कोणी वाहिलं, आणि फी कोणी भरली?

महेंद्र घरी आल्यावर विचारलं. म्हणाला, "आई शब्द कुठेय त्यात? माउली म्हटलंय." एवढा हिशेबी कधी झाला हा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी सांगून टाकलं, या वेळी मी मत देईन, पण तुला देणार नाही. प्रभागात चार मतं द्यायची असतात, तीनच देईन.

त्याला वाटलं मी रागात बोलते आहे. मी रागात नव्हते. ठरवून बोलले.

शनिवार, २७ डिसेंबर

आक्कांकडे गेले. नाल्यापलीकडची तीच चाळ, आमच्याच प्रभागात आहे. त्या शहात्तर वर्षांच्या झाल्या, तरी खोली आरशासारखी ठेवतात.

"आक्का, तुम्ही का बसलात तिथे?"

"पोरगं आलं, म्हनलं मोठी आई, बस. बसले." त्यांनी माझ्यापुढे भाकरी आणि सुकटाची चटणी सरकवली. "त्या दाढीवाल्यानं चार येळा तीच भांडी घासाया लावली बाय. शेवटी ताटात तोंड दिसाया लागलं."

"पण त्याची आई मी आहे."

"मग? कोन नाही म्हनतं?"

 भाकरी खाल्ली. भिंतीवर तथागतांच्या फोटोखाली महेंद्रचा तिसरीतला फोटो आहे, तेल लावून चापून भांग पाडलेला. तो भांग आक्कांनी पाडलेला. मला साडेआठची घाई असायची, त्यामुळे याची शाळेची तयारी, दुपारचं जेवण, अभ्यास, सगळं आक्कांच्या खोलीत व्हायचं. रात्री कधीकधी तिथेच झोपायचा. रविवारी मात्र पूर्ण दिवस माझा. फ्लॅटवर राहायला गेलो तेव्हा कितीतरी दिवस रडत होता. चाळीसमोरचं मैदान सुटलं ना.

आमच्या घरी तो तिसरीतला फोटो नाही. आक्कांकडून मागून घ्यायला हवा, पण आज मागणं जमलं नाही.

गुरुवार, १ जानेवारी

काल सोसायटीची सभा झाली. अजेंडा एकच, उमेदवारांशी संवाद. संवाद म्हणजे काय ते सभेत कळलं. आमचे अध्यक्ष रवींद्र, बँकेतून निवृत्त झालेला सज्जन माणूस, घरी पुस्तकांचं कपाट. ते म्हणाले, "आपली नव्वद मतं एकगठ्ठा आहेत. कोण काय देतं ते बघून ठरवू." एकाने गेटवर कॅमेरे कबूल केले. दुसरा बाहेरून रंग काढून देणार. रस्त्यावरच्या खड्ड्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही, कारण खड्डा गेटच्या बाहेर आहे.

महेंद्र उभा राहिला आणि म्हणाला, मी सोसायटीला काहीही देणार नाही, तुमच्या प्रत्येक तक्रारीला लेखी उत्तर मिळवून देईन. मला क्षणभर मूठ आवळावीशी वाटली, इतकं बरं वाटलं. मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "उत्तर काय चाटायचंय?" सगळे हसले. अध्यक्षसुद्धा.

आज दुपारी गेटवर टेम्पो येऊन उभा राहिला. पेव्हर ब्लॉक. "कोणाकडून?" मी वॉचमनला विचारलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की पुढे विचारावं लागलं नाही.

वीट आला. अध्यक्षांचा, टेम्पोचा आणि माझ्या मुलाचा. संध्याकाळी फिरायला गेले तेव्हा ब्लॉक चुकवून कडेच्या मातीतून चालले. चपला भरल्या.

शुक्रवार, ९ जानेवारी

चौकात सभा होती. मी जाणार नव्हते. प्रियांका म्हणाली, "आई, नुसतं या. मागे उभ्या राहा." गेले ते फक्त तिच्यासाठी. स्पीकरच्या मागे, फलकाच्या आडोशाला उभी राहिले.

तिथे जे पाहिलं ते लिहायलासुद्धा नको वाटतं. महेंद्र आला तो उघड्या गाडीतून. जेसीबीच्या तोंडातून त्याच्यावर फुलं ओतली, ज्या तोंडाने गटार उपसतात त्याच तोंडातून. क्रेनला टांगलेला हार खाली आला, तो एवढा मोठा की चौघांना धरावा लागला. फुलांचा चिखल झाला आणि बायका त्यावरून घसरत होत्या. इकडे कचऱ्याच्या गाडीला वेळ ठरवून देणार म्हणे.

मग आक्कांना स्टेजवर आणलं. अपूर्वने भाषण लिहून दिलं होतं, ते त्यांनी हातातच ठेवलं. त्यांना वाचता येत नाही, हे त्या हुशार माणसाने विचारलंच नव्हतं. आक्का माइककडे न बघता बोलल्या.

"माझा मालक गेला तवा दाखल्याला मी लय खेपा घातल्या. उन्हाळा होता. खिडकीवर म्हनायचे, इथं नाही. इथं नाही, मग कुठं, ते कोनी म्हनंना. मला वाटायचं माझंच काय चुकतंय. दाखला नाही म्हनून कंपनीचे पैसे अडकले, मग मी भांडी धरली. ह्या पोराच्या ध्येनात राहिलं ते. मला एवढंच बोलायचंय."

 मग टाळ्या पडल्या, आणि त्या भाड्याच्या नव्हत्या, एवढं मलाही कळलं.

खिडकीवर मी होते. हे लिहून ठेवते, कारण यात लपवण्यासारखं काही नाही. थोरले भाऊजी खडवलीला नणंदेकडे गेले होते, तिथेच छातीत कळ येऊन गेले. मृत्यू जिथे होतो तिथे नोंद होते. म्हणजे खडवलीच्या ग्रामपंचायतीत. आमच्या दप्तरी ती असणं शक्यच नव्हतं. म्हणून आक्का खिडकीवर आल्या तेव्हा मी 'इथे नाही' म्हटलं, आणि जितक्या वेळा आल्या तितक्या वेळा म्हटलं. मागे मोठी रांग असायची, प्रत्येकाला समजावत बसलं तर दिवस पुरत नाही. खिडकीवर मी नातं ओळखत नसे आणि घरी ऑफिस आणत नसे. खात्यात यासाठी माझं नाव होतं. आक्कांनी घरी एका शब्दाने विचारलं असतं तर मी एका शब्दात सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही, त्याला मी काय करणार? पुढे रांगेतल्याच कोणीतरी त्यांना खडवलीचं सांगितलं म्हणे.

आज त्यांनी खिडकीवर कोण होतं ते सांगितलं नाही. वय झालं, विसरल्या असतील.

रविवार, ११ जानेवारी

महेंद्र दुपारी घरी आला आणि सोफ्यावर आडवाच झाला. पाय सुजलेत. मी गरम पाण्यात मीठ घालून घमेलं आणून ठेवलं. त्याच्याशी माझं धड बोलणं नाही, पण पाय सुजलेले बघवत नाहीत.

पाय पाण्यात सोडून म्हणाला, "आई, मी पूर्ण खोटं नाही बोलत गं."

"अर्धं खोटं म्हणजे काय असतं?"

त्याने घमेल्यात पाय हलवले. मग म्हणाला, "मोठी आईबरोबर मीपण गेलेलो. मे महिना होता, शाळेला सुट्टी. रांगेतून तू दिसलीस म्हणून मी हात हलवलेला. तू बघितलं नाहीस."

मी म्हटलं, ऑफिसात हात हलवायचा नसतो.

"तू तिला इथे नाही म्हणालीस, आणि पुढच्याचा कागद घेतलास. मोठी आई बाहेर येऊन मला म्हणाली, आई कामात आहे, तिला घरी काही विचारायचं नाही हां. मग तिने मला उसाचा रस पाजला. स्वतः नाही प्यायली."

"उन्हाळ्यात लहान मुलांना रांगेत आणूच नये," मी म्हटलं.

महेंद्रने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने पाय पुसले. उठताना म्हणाला, "मत देशील ना मला?"

"बघू."

घमेलं उचलून पाणी ओतून आले. दहा वर्षांच्या मुलाला नोंदणीचे नियम काय कळणार? त्याला हे इतकी वर्षं आठवतंय याचंच मला आश्चर्य वाटतं. माझ्या त्या वर्षीच्या कामाबद्दल साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं होतं, ते मात्र त्याला आठवत नाही.

मंगळवार, १३ जानेवारी

प्रचार संपला. नाल्याच्या कठड्यावर बिर्याणीच्या रिकाम्या खोक्यांचा ढीग, त्यात कुत्री. एक फलक फाटून खड्ड्यावर आडवा पडलाय, लोक त्याच्यावरून स्कूटर नेतात. फलकावर महेंद्रचा हात जोडलेला फोटो आहे. मी वाकून तो उचलून कडेला ठेवला. प्रेमाने नाही. रस्त्यात घाण नको म्हणून.

अपूर्वचा फोन आला होता. निवडून आल्यावर 'दोन माउल्या' असा व्हिडिओ करू म्हणाला. मी फोन ठेवून दिला.

गुरुवार, १५ जानेवारी

मत देऊन आले. कोणाला दिलं ते या वहीतही लिहिणार नाही.

खळीची साडी नेसून एकटीच निघाले. केंद्र शाळेत. चिठ्ठीवर 'खोली क्रमांक ३'. नव्या इमारतीत तीन नंबरच्या खोलीसमोर रांग होती, तिच्यात उभी राहिले. ज्येष्ठांसाठी वेगळी रांग होती, पण तीच जास्त लांब. ऊन वर आलं. पाय भरून आले, तरी कोणाला पुढे सोडा म्हटलं नाही.

दारात पोहोचले. टेबलामागच्या मुलीने चिठ्ठी घेतली, यादीवरून बोट फिरवलं आणि परत दिली.

"इथे नाही. बाजूला व्हा."

मी म्हटलं, अगं, खोली तीनच लिहिलंय.

"नाव नाही इथे, आजी. पुढचे या."

तिचा स्वर वाईट नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, एवढंच. माझ्यामागचा माणूस अंगावरूनच पुढे गेला. मी पटांगणात आले. कुठल्या बाजूला जायचं ते कळेना. लोक इकडून तिकडे जात होते आणि मी चिठ्ठी धरून मध्ये उभी. एकतीस वर्षं पालिकेत काढलेली बाई, आणि मला वाटायला लागलं की चिठ्ठी वाचण्यात माझंच काहीतरी चुकतंय. परत त्या मुलीला विचारायचा धीर झाला नाही. सरळ घरी जावं असं मनात आलं.

तेवढ्यात कोणीतरी हात धरला. आक्का होत्या.

"शालन, तीन नंबरची ना? जुन्या बिल्डिंगीतली. तीन नंबरच्या दोन खोल्या आहेत बाय, सगळ्यांचं तसंच होतंय. सकाळपास्नं पाच-सहा जनींना मी सोडून आले." आणि चालायला लागल्या. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी बाई, आणि पावलं माझीच अडखळत होती.

माझ्या तोंडून निघून गेलं, "आक्का, दुसऱ्या इमारतीत जा, एवढं सांगायला त्या पोरीला काय झालं होतं? कितीसा वेळ लागतो?"

"नसतात सांगत," आक्का म्हणाल्या. "मागं रांग असती ना त्यांच्या."

पटांगण ओलांडेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. जुन्या इमारतीच्या पायऱ्यांशी आलो तेव्हा म्हणाल्या, "माझं पन असंच झालतं तवा."

तेव्हा म्हणजे कधी, ते मी विचारलं नाही.